मी हर्नांडेझला काढलं, त्याची गोष्ट

बरेच दिवस मनात घोळत असलेली एक गोष्ट आज लिहून टाकते. गोष्ट बेसबॉलची आहे. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर मराठी शाळेत शिकवलेल्या बाईचा आणि बेसबॉलचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

तर झालं असं. लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. नातू तेरा वर्षांचा. त्याचे आणि त्याच्या पाच मित्रांचे बेसमेंटमध्ये तासन्‌तास काहीतरी चाललेलं असायचं. खाली डोकावले तर टीव्ही बंद, फोन बाजूला, आणि मुलं चक्क फासे टाकतायत! मला एकदम आमच्या वाड्यातल्या ओसरीवरच्या सोंगट्या आठवल्या. चहाचा कप घेऊन तिथेच पायरीवर बसले, आणि बसले ती बसलेच.

खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन नावाच्या गृहस्थाने तो लहानपणीच रचायला घेतला आणि १९६१ साली बाजारात आणला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असतं, आणि त्या खेळाडूने एखाद्या वर्षी प्रत्यक्ष जो खेळ केला त्यावरून ते कार्ड बनवलेलं असतं. फलंदाजाच्या कार्डावर तीन रकाने, पिचरच्या कार्डावर तीन. एक पांढरा फासा आणि दोन रंगीत. पांढऱ्यावर १, २ किंवा ३ पडलं तर फलंदाजाच्या कार्डावरचा तो रकाना बघायचा, ४, ५ किंवा ६ पडलं तर पिचरच्या. मग रंगीत फाशांची बेरीज करायची. त्या आकड्यासमोर जे लिहिलं असेल ते झालं असं धरायचं. हिट, झेल, होमरन, काय असेल ते. बेरीज ७ येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग, २ किंवा १२ येण्याचा मात्र एकेकच. म्हणजे ७ समोर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. हे सातवीतल्या मुलालाही समजावून सांगता येईल. किंबहुना हा खेळ हातात असता तर मी सातवीला याच्यावरच गणित शिकवलं असतं.

मुलांनी १९७९ सालची कार्डं घेतली होती. का, तर एका मित्राच्या वडिलांकडे माळ्यावर तो जुना संच सापडला. सगळी कार्डं मांडून सहा जणांनी आळीपाळीने आपापले संघ निवडले, आणि उरलेल्या कार्डांचा गठ्ठा मध्ये ठेवला. नियम असा, की दर दहा सामन्यांनी तुमच्या संघातले दोन खेळाडू बदलता येतात. नको असलेला गठ्ठ्यात टाकायचा आणि गठ्ठ्यातला दुसरा उचलायचा. तुम्ही टाकलेला मात्र दुसरा कोणीही उचलू शकतो.

आणि नातू तीन आठवडे कॅम्पला निघाला. जाताना मला म्हणाला, "आजी, तू माझी टीम सांभाळशील? फक्त फासे टाक, लिहून ठेव. तुला हिशेब छान येतो." हिशेब छान येतो म्हटल्यावर कुठली मास्तरीण नाही म्हणेल? शनिवार-रविवारी ती पाच मुलं यायची, मी त्यांना उपमा नाहीतर सँडविच करून घालायची आणि फासे टाकायची. वहीत प्रत्येक खेळाडूचा हिशेब ठेवला होता, डाव्या बाजूला समास आखून.

सरासरी इथे हजारात सांगतात. दहा वेळा खेळून तीन हिट म्हणजे ३००. आणि ३०० म्हणजे उत्तम बरं का! दहातून सात वेळा माणूस फुकट गेला तरी उत्तम. आमच्याकडे ३५ला पास, यांच्याकडे ३०ला विशेष प्राविण्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. पुढे त्या आकड्याने मला बरंच काही शिकवलं.

संघात कीथ हर्नांडेझ होता. सेंट लुइस कार्डिनल्सचा फर्स्ट बेस सांभाळणारा. १९७९ साली ३४४ची सरासरी, त्याच्या लीगमध्ये सर्वांत जास्त. नातवाने सर्वांत आधी उचललेलं कार्ड ते हेच. माझ्या हातात तो आला आणि बिघडला. पहिल्या दहा सामन्यांत ४० वेळा खेळून ८ हिट. सरासरी २००. मी त्याचं नाव वाचून फासे टाकले की समोरची मुलं आधीच हसायची. एकदा तर तिन्ही बेसवर आपली माणसं उभी असताना याने सोपा झेल दिला आणि मी चक्क "अरे काय हे!" म्हणून कार्डावर ओरडले. कार्डावर! कागदाच्या तुकड्यावर!

बदलायचा दिवस आला. मी वही उघडली. हर्नांडेझ, २००. लाल शाईने खूण केली. गठ्ठ्यात एक राखीव खेळाडू होता. त्या वर्षी जेमतेम काही दिवसच खेळलेला, पण तेवढ्यात त्याची सरासरी डोळे दिपवणारी. हर्नांडेझ गठ्ठ्यात टाकला, तो उचलला. समोरच्या मुलांपैकी एकाने मी हात मागे घ्यायच्या आत हर्नांडेझ उचलून आपल्या संघात ठेवला. बाकीची चार मुलं माझ्याकडे अशी बघत होती, जशी वर्गात बाईंचं फळ्यावरचं गणित चुकलं की मुलं बघतात. सांगायचं की नाही या विचारात.

पुढचं काय सांगू? मी उचललेला पठ्ठ्या तीन सामने चमकला आणि चौथ्या सामन्याला मुलांनी सांगितलं, "याचं आता संपलं." त्यांचा नियम असा, की खऱ्या वर्षात खेळाडू जितक्या वेळा फलंदाजीला आला त्याहून जास्त वेळा त्याला वापरायचं नाही. थोड्याशा खेळावरून दिसणारी मोठी सरासरी फसवी असते, म्हणूनच तो नियम. मला तो वाचून दाखवला होता. मी विसरले होते. आणि हर्नांडेझ तिकडे आमच्याच विरुद्ध धडाधड हिट मारत होता.

नातू परत आला. वही चाळली. "आजी, तू हर्नांडेझला सोडलंस?" रागावला नाही हो. रागावला असता तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला, "पण कार्ड तर तेच होतं ना?"

कार्ड तर तेच होतं! मला चूक कळली, पण पटली नाही. शिक्षकाचा स्वभाव, स्वतः करून बघितल्याशिवाय पटत नाही. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर हर्नांडेझचं कार्ड त्या मुलाकडून तासाभरासाठी मागून आणलं, समोर एक मध्यम पिचर ठेवला आणि फासे टाकत बसले. ४० वेळांचा एक गट, असे दहा गट. चालत मिळालेले बेस सोडून दिले. वहीतून उतरवून देते. ९, १९, १४, १२, १५, १३, १७, ११, १४, १२. एकूण ४०० वेळांत १३६ हिट, म्हणजे सरासरी ३४०. कार्ड अगदी प्रामाणिक होतं. पण त्याच कार्डाने एकदा ४०त ९ दिले आणि लगेच पुढच्या ४०त १९! मधे काही घडलं नव्हतं. त्याने सराव केला नव्हता, मी त्याला रागे भरले नव्हते, त्याच्या घरी कोणी आजारी नव्हतं. फक्त फासे.

म्हणजे ४० वेळांतून मला जे दिसत होतं त्यात कार्ड थोडं होतं आणि फासे पुष्कळ. मी फाशांना कार्ड समजले.

जावईबापूंना रात्री हे सांगितलं. त्यांना बेसबॉलचं वेड आहे. म्हटलं, "मग काय, कोणाला कधी बदलायचंच नाही का?" तर त्यांनी एक खरी गोष्ट सांगितली. न्यूयॉर्क यांकीजचा वॉली पिप नावाचा फर्स्ट बेसवाला होता. १९२५ साली त्याची सरासरी वर्षअखेर २३० राहिली. संघ हरत होता. जूनच्या सुरुवातीला मॅनेजर मिलर हगिन्सने काही जुन्या खेळाडूंना बसवलं, त्यात पिपही होता. त्याच्या जागी लू गेरिग आला. पिपचं डोकं दुखत होतं म्हणून त्याने एक दिवस सुट्टी घेतली आणि जागा कायमची गेली, अशी दंतकथा तिकडे सांगतात, पण खरं कारण हरणारा संघ हेच. पुढे गेरिग ओळीने २,१३० सामने खेळला, १९३९ पर्यंत. तेव्हा बदलणं बरोबर होतं.

मला त्या गोष्टीचा शेवट जास्त लागला. १९३९च्या सुरुवातीला गेरिग २८ वेळा खेळला आणि ४ हिट. आकडा बघितला तर माझ्या हर्नांडेझसारखाच, थोड्या वेळांचा. फासे म्हणून सोडून देता आला असता. पण २ मे रोजी गेरिग स्वतः मॅनेजरकडे गेला आणि मला आज खेळवू नका म्हणाला. पुढच्याच महिन्यात निदान झालं, स्नायूंची ताकद जात जाणारा तो असाध्य आजार, ज्याला आज तिकडे त्याच्याच नावाने ओळखतात. १९४१ साली तो गेला. इथे फासे नव्हते, कार्डच बदललं होतं. आणि ते आकड्यांच्या आधी कोणाला कळलं? त्याचं त्याला.

हे ऐकून मी वर झोपायला गेले आणि झोप लागली नाही. बेसबॉलमुळे नाही. मला एक मुलगा आठवला.

१९७९ सालीच, योगायोग बघा, मी नोकरीत नुकती कायम झाले होते. तेव्हा स्कॉलरशिपची परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची (पुढे काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती). सातवीच्या जादा तासांना आम्ही निवडक पंधरा मुलं घ्यायचो. पंधराच, कारण बाकं तेवढीच आणि शिकवणारी मी एकटी. त्यात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. गणितात बरा, म्हणजे बराच बरा. दिवाळीनंतरच्या दोन चाचण्यांत त्याला ५० पैकी १४ आणि १७ पडले. बाहेर एक मुलगी होती, तिला त्याच चाचणीत ४१. मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, जागा का अडवून ठेवायची?" मी वही उघडली, लाल शाईने खूण केली. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, की तू उद्यापासून जादा तासाला थांबू नकोस. तो "बरं बाई" म्हणाला, दप्तर उचललं आणि गेला.

मुलीला स्कॉलरशिप मिळाली. फळ्यावर तिचं नाव लागलं, मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं. म्हणजे निर्णय बरोबर ठरला, असं मी चाळीस वर्षं धरून चालले. आता वाटतं, निकाल चांगला लागला म्हणून निवड बरोबर होती असं होत नाही. मी उचललेला तो राखीव खेळाडूही पहिले तीन सामने चमकलाच होता. मुलगी हुशार होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रश्न त्याचा आहे. दोन चाचण्या! ४० वेळांत सुद्धा कार्ड दिसत नाही, मी दोन फाशांत बघितलं. आणि त्याला विचारलं नाही. एकदाही नाही. काय झालं रे, बरं नाही का, घरी काही आहे का, एवढं सुद्धा नाही. तो एकटाच सांगू शकला असता, फासे आहेत की कार्ड.

तो मुलगा पुढे मला भेटलाही होता, निवृत्तीनंतर. आमच्या गावात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मिक्सर घेऊन गेले तर त्याने ओळखलं, पाया पडला, पैसे घेईना. बोलता बोलता सुट्टे मोजत अगदी सहज म्हणाला, "बाई, मला गणित येतं असं मला तुम्ही काढेपर्यंत वाटायचं." टोमणा नव्हता. दहावीला गणित कसंबसं सुटलं याची गंमत सांगत होता. मी हसले आणि मिक्सर घेऊन घरी आले. हसले! आज लिहिताना हात थांबतो.

हर्नांडेझबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ती मला नातवाने शोधून दाखवली, बहुधा माझी समजूत घालायला. आदल्या वर्षी, १९७८ साली, खऱ्या हर्नांडेझची सरासरी होती फक्त २५५. आणि १९७९चा खरा मोसमही त्याचा वाईटच सुरू झाला होता. तेव्हा त्यांचे मॅनेजर केन बॉयर यांनी त्याला सांगितलं, की काहीही होवो, फर्स्ट बेसवर रोज तूच खेळणार. मग वर्षअखेर ६१० वेळांत २१० हिट, ३४४. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला आणि पिट्सबर्गच्या विली स्टारजेलला बरोबरीत मिळाला. असं बरोबरीत तिकडे आजवर एकदाच झालंय.

म्हणजे बघा, ज्या कार्डाला मी दहा सामन्यांत कंटाळले, ते कार्ड मुळात छापलं गेलं ते कोणीतरी कंटाळलं नाही म्हणून. बॉयरने एप्रिलमध्ये माझ्यासारखी लाल खूण केली असती, तर ३४४चं कार्ड कुठून आलं असतं?

बेसमेंटमधली कार्डं छापून झालेली आहेत. १९७९ साल संपलंय, त्यात आता काही बदलत नाही. तिथे धीर धरणं खरं तर सोपं, तरी मला जमलं नाही. वर्गात बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाचं कार्ड छापायचंच असतं. आणि त्यावर काय छापलं जाईल, हे थोडं तरी आम्ही त्याला किती दिवस खेळवतो यावर ठरतं. हे मला निवृत्त होऊन इतक्या वर्षांनी, न्यू जर्सीच्या एका बेसमेंटमध्ये कळावं, याला काय म्हणावं?

म्हणून बाकं पंधराच असतात हे काही खोटं नाही. निवड करावीच लागते, कोणाला तरी काढावंच लागतं. आज शिकवत असलेल्या माझ्या भाच्या-सुनांना एवढंच सांगेन, की लाल खूण करायच्या आधी दोन गोष्टी करा. किती वेळा बघितलं ते मोजा. आणि त्याला विचारा.

गेल्या दिवाळीत मी मुद्दाम त्याच्या दुकानात गेले. मिक्सर ठीक होता, तरी घेऊन गेले, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. तो तारेचे वेढे मोजत बसला होता. मी म्हटलं, "तुला मी जादा तासातून काढलं, ते दोन चाचण्यांवरून. दोन चाचण्यांवरून काही कळत नसतं. चूक माझी होती." तो गडबडला. "अहो बाई, किती जुनं काढलंत!" म्हणाला आणि पोराला चहा आणायला पिटाळलं. मग पुन्हा वेढे मोजायला लागला. मधेच थांबला. वर न बघता विचारलं, "म्हणजे, मला येत होतं?"

मला फार वाटलं, हो म्हणावं. पण खोटं कसं बोलू?

म्हटलं, "मला माहीत नाही रे. मी बघितलंच नाही."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या महिन्यात आमच्याकडे रात्री दिवा नसायचा बाई." आणि चहा आला.